सकाळी आठचं रक्त

कालामाच्या दवाखान्यात माझं काम मोजण्याचं.
काचेखाली दहा चौकोन, हाताशी टिकटिकणारं यंत्र.
पुढे जाणारे एका बटणाला,
जागच्या जागी वळवळणारे दुसऱ्याला,
निपचित पडलेले तिसऱ्याला.
नावं मी वाचत नाही. लेबलावरचा नंबर पुरतो.

नीबाल्दो काइपेचं मात्र वाचावं लागलं.
त्या छोट्या खोलीत चाळीस मिनिटं बसून
तो रिकामी डबी घेऊन बाहेर आला.
इथे नाही जमत, म्हणाला,
भिंतीपलीकडे तुमचा प्रिंटर वाजतो
आणि वाटतं, कंट्रोल रूमने हाक मारली.
मग घरून आणली त्याने,
जुलैच्या पहाटे, नळातलं पाणी गोठलेलं असताना,
बनियनच्या आत काखेत धरून,
कोंबडीने अंडं उबवावं तशी.
सत्तावीस मिनिटांत. वेळ त्यानेच सांगितली, मी विचारायच्या आधी.

तो चालवतो तीनशे टनांचा ट्रक.
खाणीचा खड्डा गोगलगायीच्या पाठीसारखा,
वळत वळत खाली, वळत वळत वर,
सात रात्री, बारा बारा तास.
पापणी मिटली की सीट हादरते,
सीट हादरली की रेडिओवर कुणीतरी विचारतं,
कितवी खेप?

म्हणजे त्यालाही कुणी मोजत असतं.
हे डोक्यात आलं आणि माझा आकडा चुकला.
पुन्हा पहिल्या चौकोनापासून.
चौथ्यात एक होता, नुसता गोल गोल फिरत.
जोर होता. दिशा नव्हती.
त्याला कोणत्या बटणावर टाकलं, सांगणार नाही.

कमी भरले. फारच कमी.
डॉक्टरीणबाई समजावत होत्या :
झोप, तापलेली सीट, डोक्यावरचा घोर,
कॉर्टिसॉल चढलं की टेस्टोस्टेरॉन मागे सरतं,
शरीर म्हणतं, आधी जीव वाचव, वंशाचं मग बघू.
तो ऐकत होता, टोपी गुडघ्यावर.
मग म्हणाला, तीन वर्षं ओरियानाच सुया टोचून घेतेय.
मला कुणी विचारलंच नाही.
मीही नाही विचारलं, हे जरा हळू.

एक गोष्ट बाईंनी सांगितली नाही, मी सांगितली, जिन्यात :
काचेखाली दिसतं ते आजचं नसतं,
घडायला अडीच महिने लागतात.
तो लगेच म्हणाला, पलीकडच्या पठारावर
त्या दुर्बिणीवाल्यांचं असंच असतं ना?
जुना उजेड.
हो, म्हटलं. अडीच महिन्यांपूर्वी काय होतं?

बोटांवर मोजलं त्याने.
एप्रिलचा शेवट. जेवणघराच्या भिंतीवर यादी लागली,
कोणते ट्रक आता माणसाशिवाय चालणार त्याची.
त्याचा नंबर यादीत नव्हता.
पुढच्या यादीचं कुणी काही बोलेना.
तेव्हापासून रात्री वळणावर समोरून येतात ते,
दिवे चालू, केबिन रिकामी,
आणि मी अजूनही सवयीने हात वर करतो, म्हणाला.

आता राहिलं रक्त.
फॉर्मवर छापलंय, सकाळी आठला, झोपून उठल्यावर.
कुणाच्या सकाळी? त्याने विचारलं.
आठला मी डोंगरावरून उतरणाऱ्या बसमध्ये असतो,
पडदे ओढलेले, डोळे टक्क उघडे.

काल आला, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी.
गालावर उशीची घडी उमटलेली,
दाढी अर्धवट, तोंडाला पेस्टचा वास.
शीर पटकन सापडली.
कॉम्प्युटरने वेळ लाल करून दाखवली : अमान्य.
दोनदा भरली, दोनदा लाल.
शेवटी नळीवरच पेन्सिलीने लिहिलं,
१७:१०, त्याची सकाळ.

डॉक्टरीणबाई रागावतील बहुधा.
अहवाल सोमवारी.