बूच

सीत्र्याच्या प्लांटवर दिवसभर मी
समुद्राचं मीठ गाळणाऱ्या नळांचे दाब मोजतो.
काटा साठावर, वहीत साठ.
आणि रात्री मुहर्रकच्या खोलीत
इनास डिमेलो बाटली उजेडात धरून विचारतो,
"हिला किती झेपेल रे?"
तेव्हा मला सांगता येत नाही.
तिला काटा नाही.

मध हद्रमौतच्या एका म्हाताऱ्याकडचा.
"सिद्र," तो म्हणाला. आम्ही माना डोलावल्या.
मग बोट चाटलं, आणि इनास भर बाजारात ओरडला,
"अरे, ही तर बोर!"
वेंगुर्ल्याला शाळेमागे होती म्हणे त्याच्या,
काट्यांनी शर्ट फाटायचा, घरी मार बसायचा.

पाण्याच्या मोठ्या जारात दोन महिने
तो मध स्वतःशीच गुडगुडला.
मग गप्प झाला.
गप्प झाला म्हणजे विषय मिटला असं नसतं,
हे मागच्या खेपेला कळलेलं,
व्हिनेगरची पातळ बाटली कपाटात फुटली तेव्हा.
रात्रीचे दोन.
शेजारच्या शौकतभाईंनी दार वाजवलं.
"कुकर," इनास म्हणाला.
रात्री दोनला कुकर! ते काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी जिन्यात मात्र हळूच,
"कुकर को ज़रा ठंडे में रखा करो."

म्हणून या वेळी फरशीवर पेपर पसरून
आम्ही पोरगी बघायला आल्यासारखे बसलो.
गुलाबपाण्याची उंच बाटली
सात वेळा धुतली, तरी माहेर सोडीना.
खजुराच्या पाकाचा डबा पत्र्याचा, आंबट लागला की गंजणार.
प्लास्टिकला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात,
हवा आत येते, चव बाहेर जाते.
आणि बायकोनं लोणच्यासह पाठवलेली चिनी बरणी,
तिला मी हातच लावू दिला नाही.
कारण सांगितलं, तोंड फार मोठं आहे.
इनास हसला. कोणाचं, ते विचारलं नाही.

उरल्या द्राक्षरसाच्या जाड, हिरव्या,
बुडाला खळगा असलेल्या, तारेच्या झाकणाच्या.
त्या खळग्यात अंगठा बसतो नीट,
पेला धरावा तशी बाटली धरता येते.
दहाच होत्या. मध बारांचा.

गळ्याशी दोन बोटं जागा सोडायची.
काठोकाठ भरली तर फुटते,
फार सोडली तर आतून शिळी होते.
कोणाची दोन बोटं, यावर आम्ही भांडलो,
त्याची जाड, माझी काटकुळी.
शेवटी त्याची धरली.
वर्षभर मुरायला हवा,
आणि इनासचा व्हिसा दिवाळीपर्यंतचा.
हे तो बुचं दाबताना म्हणाला नाही,
मीही नाही.
एका बाटलीला त्यानं सुतळी बांधली फक्त.

उरलेला जारात तसाच, वर फडकं घालून.

पहाटे ड्यूटीला निघालो
तर उंबऱ्याबाहेर पायपुसण्याच्या कडेला
दोन हिरव्या बाटल्या,
जाड, धुतलेल्या, पालथ्या घातलेल्या,
झाकणाच्या तारा सरळ करून शेजारी ठेवलेल्या.
शौकतभाईंच्या पोरीचं परवाच लग्न झालं,
सरबताची पेटी आली होती त्यांच्याकडे.

त्यांचं दार बंद होतं.
आतून खरोखरच कुकरची शिट्टी झाली.