अकरा नंबरची खिडकी

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार आला की
मिसेस ऑकरमन फोन करत नाहीत,
पोर्चवरचा दिवा भर दुपारी लावून ठेवतात
आणि मी समजतो.

शिडी, बादली, लुकणाचा डबा.
आधी पन्हाळी. मेपलचा अख्खा उन्हाळा तिथे कुजलेला,
एक टेनिसचा चेंडू (दरवर्षी तोच नसणार, पण तसाच),
आणि छपराची झडलेली वाळू,
चहाच्या गाळासारखी.

मग तळघरातून थंडीच्या खिडक्या.
लाकडी, जड, एकीचं माप दुसरीला नाही,
कारण या घरात काटकोन म्हणून कुठे नाही.
ज्या सुताराने त्या केल्या त्याला हे ठाऊक होतं:
प्रत्येकीच्या खालच्या पट्टीवर
पटाशीने कोरलेला रोमन आकडा,
तोच आकडा बाहेर चौकटीवर.
चारच्या जागी पाच बसत नाही.
पहिल्या वर्षी मी बसवायला गेलो होतो.
पाऊस-बर्फ यायचं झालं की
अंगठा अजून आठवण काढतो.

खिडक्या चौदा. चौकटी तेरा.

अकरा नंबर कुठेच लागत नाही.
उलटी धरली तर नऊ होते,
पण नऊला नऊ आहे.
"जाळून टाकू?" मी तेव्हा विचारलं होतं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"ती धुवायची असते," म्हणाल्या.

धुतो. कोमट पाणी, व्हिनेगर, जुनं वर्तमानपत्र.
मग परत खाली, बॉयलरच्या मागे.

सातव्या वर्षी पाऊस लागला म्हणून
स्वयंपाकघरात बसलो, तेव्हा त्यांनी नकाशा काढला.
लॅमरटन, मिल स्ट्रीटचा कोपरा,
आणि आमच्या डोक्यावरच्या याच घराला
पश्चिमेकडे आणखी एक खोली.

दोऱ्याच्या गिरणीपासून स्टेशनपर्यंत ट्राम न्यायची होती.
वळण बसेना. घर कापलं.
एकशे साठ डॉलर, सह्या तीन:
कंपनीची, मालकाची, मोजणीदाराची.

खोलीत राहणारीची नाही.
ती सापडते फक्त धोब्याच्या वहीत:
ब्रायडी टमल्टी, चादरी दोन, उशीचा अभ्रा एक.
रात्रपाळी करायची, दिवसा झोपायची.
पश्चिमेच्या उन्हाला पडदा होता की नाही
हे वही सांगत नाही.

ट्राम एकोणीस वर्षं चालली.
वाचनालयात फोटो आहे, झेंडे, बँड, टोपी उंचावलेले महापौर.
रूळ कुणी काढलेच नाहीत, वरून डांबर ओतलं.
दर मार्चमध्ये गोठण सुटली की
रस्त्याला दोन समांतर भेगा पडतात,
नगरपालिका बुजवते,
पुढच्या मार्चमध्ये पुन्हा.
माझा मेव्हणा त्या खात्यात आहे. म्हणतो, जमीन वाईट.

यंदा दिवा लागलेला, आणि पायरीवर त्या स्वतः,
एक्याऐंशी वर्षांच्या, हातात मोजपट्टी.
"भिंत इथे होती," काठीने दाखवलं,
फुटपाथच्या अलीकडची गवताची पट्टी.
"चार फळ्या ठोक. तळ नको.
वरून अकरा नंबर झाक.
पालक लावायचाय. डिसेंबरपर्यंत येतो म्हणतात."

म्हणजे आडवी?

"आडवीच. तिने आभाळाकडे पाहिलं तर
तुझं काय जातं?"

माती भुसभुशीत करताना निघालं ते एवढंच:
कोळशाची राख, बशीचा तुकडा, एक गुंडी
(कुणाचीही असू शकते, मी काही बोललो नाही).
खिडकी ठेवली.
केसाइतकीही फट नाही.
अर्थात फळ्या मीच कापल्या होत्या तिच्या मापाने,
तरी मी जरा वेळ उभा राहिलो.

मग पटाशी काढली.
जुन्या सुताराचा हात माझ्यात नाही,
तिसरी रेघ घसरलीच.

त्या वाकून बघत होत्या, घराच्या बाजूने.
"मूर्खा, हे नऊ झालं."

"तिकडून नाही," मी म्हटलं,
"रस्त्याकडून वाचा."