नऊ वजा सहा

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन फायली.
एक निळी, एक पिवळी.
रोझॅनने पानोपानी खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात:
गणिताचे निकाल, एका शिक्षकामागे मुलं किती,
कॉलेजात गेली किती, त्यातली टिकली किती.
निळीला दहापैकी नऊ. पिवळीला सहा.
बाजारात कलिंगडाला टिचकी मारून बघतात,
तसे आम्ही रोज रात्री जेवणानंतर
दोन शाळांना टिचक्या मारत बसतो.

क्लीव्हलंडच्या पूर्वेला आमचा रस्ता.
त्याच्या मधोमध हद्द जाते. दिसत नाही.
बर्फ दोन्हीकडे सारखाच पडतो,
फक्त तो उपसणारी गाडी
त्यांच्याकडे चारला येते, आमच्याकडे सातला.
समोरचं घर आमच्याएवढंच, तीन खोल्यांचं,
तळघरात आमच्याएवढंच पाणी शिरणारं,
साठ हजार डॉलरनं महाग.
मी विचारलं, हे साठ हजार कशाचे?
रोझॅन म्हणाली, नऊ वजा सहा.

व्हासिले दिमित्रूनं तर हद्दीपलीकडे
खोलीच भाड्यानं घेतली, नुसत्या पत्त्यापुरती.
तिथं राहतो एक दिवा.
संध्याकाळी सहाला आपोआप लागतो,
दहाला आपोआप झोपतो.
त्याच्या पोराला नऊवाल्या शाळेत
त्या दिव्याच्या भरवशावर प्रवेश मिळालाय.

मी फारसं बोलत नाही.
दोन्ही शाळा मी खालून ओळखतो.
बावीस वर्षं बॉयलर दुरुस्त करतोय.
नऊवाल्यांचा नवा आहे, बोलावणं क्वचितच येतं.
सहावाल्यांचा माझ्याहून थोरला,
आणि थंडी कडाक्याची पडली की
ऑर्व्हिल, तिथला रखवालदार,
रात्रभर त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतो,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा.
हे कुठल्या रकान्यात भरायचं?

एकदा बोलून बघितलं.
रोझॅननं फायलीतून मान वर केली नाही.
म्हणाली, मी त्याच शाळेतली.
मला रसायनशास्त्र हवं होतं.
त्या वर्षी शिक्षक मिळाला नाही,
पुढच्या वर्षीही नाही.
वर्ग उबदार होता, हे खरं.

मग टिल्डाला पाठवलं,
एक गुरुवार इथं, एक गुरुवार तिथं,
पाहुणी म्हणून.
रोझॅननं प्रश्न लिहून दिले होते, सतरा.
पोरीनं कागदाची घडी खिशातच ठेवली.
दुसऱ्या गुरुवारी, गाडीत, पट्टा लावता लावता म्हणाली,
पिवळ्या शाळेत मुलींच्या संडासाला
तीन दारांना कडी नाही.
बाहेरून कुणीतरी पाय लावून उभं राहतं.
माझ्यासाठी एक राहिली. नाव नाही विचारलं मी.

आणि निळ्या शाळेत?
सगळ्या कड्या लागतात, म्हणाली. चकचकीत.
मधल्या सुट्टीत एक दार बंदच होतं.
आतून चिप्सच्या पाकिटाचा आवाज येत होता,
अगदी हळू. बाहेर ऐकू जाऊ नये असा.
तिचं जेवण होईपर्यंत मी नळ सोडून ठेवला.

सिग्नल हिरवा झाला होता.
मागच्यानं हॉर्न वाजवला.

कुठली आवडली, हे आम्ही विचारलं नाही,
आणि प्रयोगशाळा कशी होती
हे तिनंच सांगितलं, रात्री, आईला, बराच वेळ.
निळ्या शाळेतल्या काचेच्या नळ्या, एकेकाला एकेक बर्नर.
रोझॅन ऐकत होती, हनुवटीखाली मूठ धरून,
टिल्डाच्याच वयाची दिसत होती.

सोमवारी पिवळ्या शाळेत पंप बदलायचाय.
हत्यारांच्या पेटीत तीन कड्या टाकल्या,
बारा स्क्रू, वर दोन जास्तीचे.
रोझॅननं पाहिलं.
निळी फाईल काही मिटली नाही तिनं.
चष्मा काढून तिच्यावर ठेवला,
आणि म्हणाली,
स्क्रू पितळेचे ने. ते गंजत नाहीत.