जशी

त्या एका शब्दाशी मी थांबते.
बाकीची प्रार्थना तोंडपाठ.
रोजची भाकर मागताना माझा आवाज
पाचूबंदरच्या सगळ्या बायांहून मोठा.
मग ‘जशी’ येतं.
ओठ मिटतात.
लोकांचा आवाज माझ्यावरून जातो,
भरतीचं पाणी खडकावरून जावं तसा,
आणि पलीकडे, मोहाच्या ओळीला,
मी पुन्हा वर येते.

अकरा वर्षं.

बंदी उठल्यावरची दुसरी फेरी होती ती.
वारा फिरला, मशीन बंद पडलं,
मिंगेल बॅटरी हलवत राहिला.
बस्त्यावची होडी हाकेच्या अंतरावर होती.
हे मला दर्याने नाही सांगितलं,
बस्त्यावच्याच खलाशाने सांगितलं, डुमग्याने,
पिऊन, माझ्या ओट्यावर रडत.
‘नाखवाने बघितलं, बाय. बघून सुकाणू फिरवलं.’
होडी त्या दिवशी पापलेटांनी भरलेली होती.

चौथ्या दिवशी मिंगेल सापडला,
अर्नाळ्याच्या वाळूत.
बॅटरी मनगटाला सुतळीने बांधलेली,
बटण पुढे सरकवलेलं.

कुमसाराच्या जाळीशी हे मी एकदाच बोलले.
म्हटलं, फादर, एका शब्दाला तोंड उघडत नाही.
कुठल्या?
सांगितला.
जाळीपलीकडे बराच वेळ काहीच नाही.
बाहेर कोणीतरी खोकलं.
मग ते म्हणाले, तिथे गप्प राहा.
तेही त्याला ऐकू जातं.
फक्त बाक सोडू नकोस.

मला रागच आला. वाटलं होतं
भांडतील, क्रुसावरचं काही सांगतील,
खिळे ठोकणाऱ्यांसाठी त्याने केलेलं मागणं.
ते मला ठाऊक आहे.
पण तो देवाचा मुलगा होता
आणि तिसऱ्या दिवशी उठला.
माझा चौथ्या दिवशी सापडला.

यंदा राखेच्या बुधवारी
बस्त्यावला खुर्चीसकट उचलून देवळात आणलं.
अर्धं अंग गेलेलं. कपाळावर राख,
तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ,
सून ब्रिजिता ती पदराने पुसत होती.
मी मागच्याच बाकावर.
प्रार्थना सुरू झाली. त्याची जीभ
सगळ्यांच्या मागे मागे, चिरलेल्या वल्ह्यासारखी,
आणि मग अडकली.
जशी, म्हणाला. जशी. जशी.
लोक शेवटापर्यंत पोचले,
हात जोडून एकमेकांना शांती देऊ लागले.
तो तिथेच.
जशी.

देवा, तुला दुसरी जागा मिळाली नाही?

त्याच्या मानेवरचा मस मला दिसत होता.
पुढचे शब्द मी म्हटले.
त्याच्या कानाशी वाकून, हळू,
पोराला अडलेला पाढा सांगतात तसे.
त्याने मान वळवली नाही. वळतच नाही आता.
एका डोळ्यातून पाणी आलं,
पण त्या डोळ्याला नेहमीच येतं, ब्रिजिता म्हणते.

ही क्षमा होती का, मला विचारू नका.
घरी आले, वलांडीवरचे बोंबील फिरवले,
मांजर हाकललं.
संध्याकाळी ब्रिजिता सुकट घ्यायला आली.
पैसे घेतले. पूर्ण घेतले.
मूठभर जास्त टाकली,
ती तिने पाहिली आणि बोलली नाही.

पुढच्या रविवारी तोंड पुन्हा मिटलं.
त्याच्या पुढच्या रविवारी अर्धं उघडलं.

पेत्राने विचारलं होतं, किती वेळा?
मिळालेला आकडा मी सुकटीच्या वहीत मांडून पाहिला,
सत्तर गुणिले सात.
दर रविवारी एक धरली
तर साडेनऊ वर्षं.
मी एकसष्टची.
काल बॅटरीतले गंजलेले सेल काढून टाकले.
बॅटरी ठेवलीय.