इतर स्रोतांतून

इंटरलॉकचं मशीन कर्जावर घ्यायचं तर
बँकेला तीन वर्षांचे रिटर्न हवेत.
माझ्याकडे एकाही वर्षाचा नाही.
म्हणून जुलैतल्या एका सोमवारी मल्हारगंजातलं दुकान बंद ठेवून
मी माझी कमाई शोधायला बसले.

पिशवीतून निघालं ते असं:
दोन पासबुकं, त्यातलं एक ओलीनं फुगलेलं,
पोस्टातल्या ठेवीची पावती,
फॉल-पिकोची वही, जिच्यात नावं कमी, खुणाच जास्त:
जांभळी बॉर्डर, घाईची. छावणीवाली, उधार.
मास्तरीण, दोन, एकीचे दिले.
आणि पॅनकार्ड, ज्यात मी अजून सव्वीस वर्षांची,
कोणावर तरी रागावलेली.

शीतलामाता बाजारात, दुसऱ्या माळ्यावर
पोरवालांचा अर्पित बसतो.
त्याच्या आईच्या साड्यांना फॉल मीच लावते, म्हणून फी अर्धी.
त्यानं वही पाहिली, हसला नाही. बरं वाटलं.
म्हणाला, मावशी, रोख वेगळं काढू, स्कॅनरचं वेगळं.

स्कॅनर म्हणजे तो चौकोन, भाचीनं काचेवर चिकटवलेला,
आणि ते डबडं, जे मशीनच्या घरघरीत
दिवसभर हिंदीतून ओरडून राहतं:
एक सौ बीस रुपये प्राप्त हुए.
सुरुवातीला मी दर वेळी मान वर करायचे.
आता पैसे येतात आणि मी दोऱ्याकडे बघते.

वर्षाची यादी निघाली, अठरा कागद.
एकशे वीस, एकशे वीस, साठ, तीनशे साठ,
मग एक रुपया, लागतंय का ते बघायला,
मग पुन्हा एकशे वीस.
अर्पित बेरीज करत होता, मी नावं वाचत होते.
जांभळी बॉर्डर म्हणजे ही नीलाक्षी तर!

एका ठिकाणी त्याची पेन्सिल थांबली.
या कोण? दर महिन्याच्या दोन तारखेला
बरोब्बर दोनशे. महिन्याचं काही ठरलंय का?
वनमाला पारुळकर.
मी म्हटलं, ती तर देवासला असते.
तिची साडी पंधरा वर्षांत हाताखालून गेली नाही.

बारा गुणिले दोनशे.
माझं डोकं मशीनपेक्षा हळू चालतं, पण चालतं.
चोवीसशे.
मुलीच्या नर्सिंगच्या फॉर्मसाठी
तिनं पायरीवर उभं राहून मागितलेले.
आत ये म्हटलं तर आली नाही.
मी डाळीच्या डब्यातून काढून दिले,
आणि त्यानंतर ती गल्लीच्या दुसऱ्या टोकानं जायला लागली,
मग घरच बदललं.
मला वाटायचं, देताना मीच काही बोलले असेन.
काय बोलले, ते पंधरा वर्षं उसवून बघतेय.

उत्पन्नात धरू? अर्पितनं विचारलं.
नको. उसने होते, परत आले.
त्यानं बारा ओळींवर बारा तिरक्या रेघा मारल्या,
इतक्या हलक्या की खालचं नाव वाचता यावं.

कर काही बसला नाही. शून्य.
ओटीपीचे सहा आकडे मात्र मी
शाळेत उभं केल्यासारखे मोठ्यानं वाचले.

जिना उतरताना सहज मोबाइल उघडला.
यंदाच्या एप्रिलच्या दोन तारखेला पुन्हा दोनशे.
मे कोरा. जून कोरा.

परत वर गेले. अर्पित पोळीभाजी उघडून बसला होता.
तेरावे आलेत रे, म्हटलं. हे कशाचे?
घास गिळत म्हणाला, व्याज असेल, मावशी.
व्याज दाखवावं लागतं. इतर स्रोतांतून.
पण ते पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी. बरं.
खाली बाजारात कोणी थान उलगडून
सुताचा पोत बोटांनी तपासत होतं.
मी पायरीवरच थांबले, मोबाइल हातात.
तिच्या नावाखाली नंबर होता, जुनाच.
एक रुपया पाठवून बघावा का,
लागतंय का ते बघायला.