तेच चालू ठेवा

दहा तारखेला अकरा गोळ्या उरल्या, तेव्हा फोन लावायला घेतला.
नंबर सकाळी साडेसातला सुरू होतात.
सात एकोणतीसला बिझी. सात एकतीसला बिझी.
सात चौतीसला मिस शिरोळे म्हणाल्या, संपले,
आता एकदम सतरा तारीख.

मॅडम, तपासायचं नाहीये, नुसती चिठ्ठी हवीय.
चिठ्ठीलाही नंबर लागतो.
मागे कुणीतरी खोकत होतं. मग तेही ऐकू येईना.

रोजच्या दोन. म्हणजे पंधराच्या सकाळपर्यंत.
दिगूला काही सांगितलं नाही.
तो माझ्या मशीनमागे बसून ब्लाउजना हुक लावत होता,
हुक ओठांत, मान तिरकी.
चार वर्षं सात महिने झाले, त्याला फिट आलेली नाही.
शेवटची आली ती स्वारगेटला, कात्रजच्या बसपाशी,
कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा,
आणि कंडक्टरने घंटी दिली नाही, गाडी धरून ठेवली.
तेव्हापासून मी महिने मोजते,
जसे बायका तान्ह्या पोरांचे मोजतात.

ललवाणी मेडिकलमध्ये वीस वर्षांची ओळख.
त्यांच्या दोन्ही सुनांची मापं माझ्या वहीत आहेत.
त्यांनी चष्मा कपाळावर सारून चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली.
ताई, सहा महिने उलटले हिला,
ही गोळी अशी देता येत नाही, येऊन रजिस्टर बघतात.
मी म्हटलं, आजार तोच आहे.
ते म्हणाले, आजार तोच हो, कागद जुना झालाय.
आणि बरणीतली एक लिमलेट पुढे केली,
सुट्टे नव्हते म्हणून नव्हे. तशीच.

गोळीच्या मधोमध एक रेघ असते.
रात्री ती रेघ बघत बसले.
सव्वा मीटरमध्ये दोन ब्लाउज बसवणारी बाई मी,
अर्धी सकाळी, अर्धी रात्री, हा हिशोब मला अवघड नाही.
सुरी घेतली. ठेवली.
मापात चोरी कापडाला चालते.

दुसऱ्या दिवशी बिननंबरची गेले, धनकवडीहून टिळक रोडला.
दुसरा मजला, लिफ्ट बंद. डॉक्टर दिल्लीला, कॉन्फरन्सला.
जिन्यात मुजावरबाई भेटल्या, गुलटेकडीच्या,
त्यांनाही माहीत नव्हतं.
त्यांच्या साहिलला तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची.
वर्षानुवर्षं आम्ही एका बाकावर बसतो,
मी त्यांच्यासाठी दिगूची ताई, त्या माझ्यासाठी साहिलची आई.
विरजण मागावं तशा मी चार गोळ्या मागितल्या.
त्यांनी पर्समधून पट्टी काढली. कात्री माझ्याजवळ असतेच.
कापल्यावर एक्स्पायरी त्यांच्या तुकड्यावर राहिली
म्हणून त्यांनी ती तोंडी सांगितली:
पुढच्या वर्षीचा मार्च. लक्षात ठेवा, ताई.
मार्च, मार्च, म्हणत मी जिना उतरले.

सतराला नंबर सव्वीस. आत गेलो तेव्हा रात्रीचे सव्वानऊ.
डॉक्टर माणूस चांगला आहे. डोळे लाल झाले होते त्यांचे.
काय दिगंबर, बरं ना?
दिगू म्हणाला, बरं.
मग, तेच चालू ठेवा, म्हणाले,
कागदावर एक शब्द लिहिला आणि खाली तारीख.
सातशे रुपये.
खुर्ची अजून माझ्या आधीच्या बाईच्या उबेतच होती.

ललवाणींचं शटर अर्धं खाली होतं, वाकून आत गेले.
नव्या पट्टीतल्या चार मी लगेच कापून
बटणांच्या डबीत टाकल्या, मुजावरबाईंच्या.
यांचा महिना ऑगस्ट. सांगायला विसरता कामा नये.

घरी आल्यावर कॅलेंडरची पुढची पानं उलटली,
खडूनं एक सकाळ खुणावली, वेळेच्या पंधरा दिवस आधीची.
दिगू दोरा दातानं तोडत म्हणाला,
पुढच्या वेळी वीस असतानाच लाव फोन.
अकरा म्हणजे फार उशीर होतो.

मी वळून बघितलं.
तो पुढचा हुक शोधत होता.