भुरी बसली आहे

दिवे साडेसातला गेले.
चुलबंदकाठी दिवे जातात तेव्हा
आधी मुकी होते पिठाची गिरणी,
मग कुणाचा तरी टीव्ही,
मग कुत्री बोलायला लागतात.

ढोलीच्या बुडाशी भुरी बसली आहे.
ढोली फुलवंताबाईची, म्हणजे माझ्या आईच्या हातची,
शेणामातीनं लिंपलेली, आत नव्या धानाचा ऊबट वास.
खाली लिंपण फुटलंय,
तिथं रुपयाएवढं बीळ.

भुरी हलत नाही.
मिशी नाही, शेपटीचं टोक नाही.
मोबाइलचा उजेड पाडला
तर एक कान, तोही अर्धा, माझ्याकडं वळला
आणि परत गेला.

पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत
पाहायचं काम उंदरांना असतं.
पडद्यावर फिकट रेघा आल्या, त्यानं ओळखल्या,
की पाण्याचा एक थेंब.
मांजरांचं मी फक्त वाचलंय, जुन्या नोंदींत :
उंदीर समोर दिसत असला
की मांजराच्या मेंदूत एक दाट थरथर उठते,
सेकंदाला चाळीसेक.
उंदीर बिळात असला, नुसता येणार असला,
की थरथर संथ, चौदाच्या आसपास.
पाहण्याची लय वेगळी,
वाट पाहण्याची वेगळी.
आपल्या भाषेत दोन्हींना एकच क्रियापद.

आईला हे सांगितलं.
ती अंधारातच बांबूच्या कमच्या काढत होती.
कोयता चरचरत पेरापर्यंत यायचा,
अडायचा,
मग पुढं.
"चाळीस कोनं मोजले?"
मशीननं.
"मांजरीले माहीत हाय का?"
नाही.
"मंग बरं हाय."

एक गोष्ट तिला सांगायची राहिली.
टक लावणं सलग नसतं.
लक्ष सेकंदात चार-पाच वेळा किंचित मागं सरतं,
आजूबाजूचं चाचपतं,
पुन्हा जाग्यावर येतं.
तिनं विणलेल्या सुपासारखं :
कमची वर, कमची खाली, वर, खाली.
धान सांडत नाही म्हणून आपण त्याला घट्ट म्हणतो.
पाणी ओतून कोण बघतं?

कान वळला तो त्यातलाच असेल.
किंवा नसेल. इथं तारा नाहीत, पडदा नाही,
मी उगाच उकिडवी बसून
मांजरीच्या पाठीवर आलेख काढते आहे.
माझंच लक्ष तीनदा उडालं :
उद्याची बस, गाईडचा मेल,
आईच्या अंगठ्यावरची जुनी चीर.

सव्वाआठला दिवे आले.
पंखा कुरकुरला. डोळे दिपले माझे.
तेवढ्यात उंदीर ढोलीच्या मागून निघून
आईच्या पायाशेजारून
कमच्यांच्या भाऱ्यात शिरला म्हणे.
भुरीला दिसला नाही.
मला दिसला नाही.
"गेला," आई म्हणाली.
कोयता थांबला नव्हता.

बीळ तसंच. रिकामं.
भुरी तशीच.
चौदा, मी मनात म्हणते,
चौदा,
चौदा.